कोऱ्या पेशी गुलाबी का झाल्या

नळ्या गरगरा फिरवणारा सेंट्रिफ्यूज घरघरत थांबला, आणि रीळताईने दोन्ही नळ्या उचलून खिडकीच्या उजेडात धरल्या. पहिल्या नळीच्या तळाशी गुलाबी साका बसला होता. तो तसा बसायलाच हवा होता, कारण त्या पेशींना औषध दिलेलं होतं. दुसऱ्या नळीतल्या पेशींना औषधाचा थेंबही मिळालेला नव्हता. त्या कोऱ्या. त्यांनी चार दिवस गुमान वाढायचं आणि शेवटी पांढरं दिसायचं, एवढंच त्यांचं काम. त्याही गुलाबी झाल्या होत्या. नुसत्या गुलाबी नाही, कुणीतरी गालगुच्चा घेतल्यासारख्या गुलाबी.

रीळताईने चष्मा पुसला, नळी पांढऱ्या कागदापुढे धरली, मग काळ्या टेबलापुढे धरली. मग तिने शेजारच्या टेबलावरच्या तात्याला हाक मारली. तात्या होता जेमतेम तिशीचा, पण काळजी करायचा ती सत्तरीच्या माणसासारखी, म्हणून अख्खी प्रयोगशाळा त्याला तात्या म्हणायची. त्याने नळीकडे पाहिलं आणि अशा आवाजात "परत?" म्हटलं, की जणू घरात कुणीतरी आजारी आहे.

रीळताई हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हतं. तुम्ही काय काम करता असं तिला कुणी विचारलं, की ती पर्समधून शिवणाचं रीळ काढायची, आणि मग विचारणाऱ्याची सुटका नसायची. प्रत्येक पेशीत, ती सांगायची, माणसाच्या उंचीहून लांब धागा असतो. तो त्या टिचभरही नसलेल्या जागेत मावायचा कसा? तर रिळांवर गुंडाळून. त्या रिळांचं नाव हिस्टोन. धाग्यावर शरीराच्या सगळ्या कृती लिहिलेल्या, म्हणजे आपली जनुकं. पण धागा जिथे घट्ट गुंडाळलेला, तिथली कृती वाचणार कोण? कपाटात घडी घालून ठेवलेला कागद वाचता येतो का? मग ऐकणाऱ्याने नाही म्हटलं की ती खूश व्हायची आणि पुढे सरकायची. या रिळांना शेपट्या असतात. शेपट्या धाग्याला धरून बसतात. पण त्या शेपटीवर असिटिलची एक बारीकशी खूण चिकटली, की शेपटीची पकड ढिली पडते, धागा सैल होतो, आणि नक्कल काढणारं यंत्र आत शिरतं. पुस्तकात त्याला प्रतिलेखन म्हणतात. ते कृतीची नक्कल काढतं, आणि नकलेवरून पेशी पदार्थ करते. कुणी खुणा चिकटवणारे, कुणी पुसणारे. पुसणारे फार कामसू. रीळताईचं औषध, ब्युटिरेट, त्या पुसणाऱ्यांचे हात धरून ठेवायचं. मग खुणा राहायच्या, धागा सैल व्हायचा, आणि तिच्या या रक्ताच्या पेशींत लाल रंगद्रव्याची जी कृती गुंडाळून पडलेली होती, ती उघडायची. पेशी गुलाबी व्हायच्या.

हे सगळं ती असं रंगून सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, शेजारच्या बिऱ्हाडातली भानगड चालली आहे.

तिचा दावा साधा होता: खूण आधी, नक्कल नंतर, रंग त्याच्याही नंतर. हा दावा तिला जीव की प्राण होता. ऐन उमेदीत तिने घर सांभाळण्यासाठी काम सोडलं होतं. मुलगी मोठी झाली, शिकायला दूर गेली, नवरा त्याआधीच जग सोडून गेलेला. परत आली तेव्हा तिच्या बरोबरीचे लोक विभागप्रमुख झाले होते आणि हिला पिपेट नव्याने धरायला शिकावं लागलं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या प्रश्नांना हातभार लावत आली होती. हा पहिला प्रश्न तिचा स्वतःचा होता.

आणि कोऱ्या पेशी गुलाबी होत होत्या.

तिने काय नाही करून पाहिलं. पेशींचं खाणं बदललं, बाटल्या बदलल्या, हातमोजे बदलले. पाणी दुसऱ्या इमारतीतून आणलं. तात्याला काम करताना शीळ घालायला बंदी केली. काही उपयोग नाही. कोऱ्या पेशी दर वेळी लाजून चूर.

मॅडमना कळायला वेळ लागला नाही. मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, वयाने रीळताईपेक्षा बऱ्याच लहान, बोलायला मोजक्या, आणि कुणाचं मन न दुखवता त्याचा निकाल लावण्यात पटाईत. त्यांनी दोन्ही नळ्या पाहिल्या, परत स्टँडमध्ये ठेवल्या.

"ताई, औषध दिलेल्या आणि न दिलेल्या सारख्याच दिसत असतील, तर तुमच्या औषधाने केलं काय?"

रीळताईने स्टँड आपल्याकडे ओढला.

मॅडमनी समजुतीच्या सुरात पुढचं सांगितलं. पुढच्या आठवड्याच्या बैठकीत कोऱ्या पेशी पांढऱ्या दाखवल्या तर ठीक. नाहीतर हा प्रयोग बंद करू, पेशी गोठवून टाकू, आणि ताई, तुम्ही तात्याच्या कामाला हातभार लावा. हातभार हा शब्द त्यांनी अगदी प्रेमाने वापरला.

त्यात भर म्हणजे त्याच दुपारी तिला बघायला येणार होते.

हो, या वयात. गुडघ्यापर्यंत लोंबणारा पांढरा कोट, केसांत रुपेरी पट्टा, आणि तिला बघायला येणार होते. मुलाकडून म्हणजे मुलाची आई येणार होती, आणि मुलगा पन्नाशीचा होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. प्रयोगशाळेच्या इमारतीची लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तेव्हा आत दोघंच होते: बर्फाच्या भांड्यात नळ्या घेऊन निघालेली रीळताई, आणि ती लिफ्ट आता उत्तम चालते असं कागदावर लिहून नुकतीच सही केलेला हा माणूस. तो शरमेने अर्धा झाला. बर्फ वितळत होता. रीळताईने घाबरायचं नाही असं ठरवून पर्समधून रीळ काढलं.

सुटका झाली तेव्हा लिफ्टवाल्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "खूण पुसली, तर धागा परत घट्ट होतो का?" रीळताई त्या प्रश्नावर भाळली. तिच्या आयुष्यात कुणी, तिच्या सख्ख्या बहिणीनेसुद्धा, तिथवर ऐकून घेतलेलं नव्हतं. त्यानंतर ती लिफ्ट, जिला काही झालेलं नव्हतं, वारंवार तपासली जाऊ लागली. लिफ्टवाले यायचे, जिथे भेटतील तिथे आधी तिच्यासाठी स्टूल ओढायचे, जिना चढू द्यायचे नाहीत, रस्त्यात चार पावलं चाललं की बसू या का म्हणायचे. इतकी अदब असलेला पुरुष तिने पाहिला नव्हता.

भेट पुढे ढकलता येणार नव्हती, कारण ती धाकटीने ठरवली होती. धाकटी म्हणजे रीळताईची बहीण, आणि तिने ठरवलेलं हलवणं हे रीळताईला जन्मात जमलं नव्हतं. धाकटी त्या दिवशी नाक गळत, डोळे पाणावलेले, घसा बसलेला, तरी सकाळपासून येऊन घर आवरत होती. रीळताई कामावरून धावतपळत आली तेव्हा तिने तिला दारातच नखशिखांत पाहिलं, केस विंचरून घे म्हणाली, आणि शिंकली.

लिफ्टवाल्यांच्या आई ठेंगण्या, ताठ, पांढऱ्याशुभ्र केसांच्या. त्या मुलाला मागे घेऊन उंबऱ्यात आल्या आणि थबकल्या. नाकाचा शेंडा एकदा हलला. मग त्या आत आल्या, बसल्या, घर छान आहे म्हणाल्या, आणि खिडकी उघडली तर चालेल का असं विचारलं. धाकटीने खिडकी उघडली. थोड्या वेळाने त्यांनी दुसऱ्या खिडकीबद्दल विचारलं. मग घरात मांजर आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर, पूर्वी होतं का आणि ते शेवटचं कधी दिसलं होतं, असंही विचारलं.

धाकटीला काही वास येण्याची सोय नव्हती. रीळताईलाही काही येत नव्हता. पण पाहुण्या बाई मान वळवत राहिल्या. धाकटी उठली, न्हाणीघरात फिनेल ओतून आली. मग सोफा सरकवला. सोफ्याखाली हरवलेली कानातली आणि एक जुनं बिल निघालं, उंदीर निघाला नाही. लिफ्टवाले छताकडे पाहत बसले होते, जणू छत खाली यायची वाट बघत होते.

रीळताई चहा आणायला आत गेली. बाहेर बाई म्हणाल्या की आता बरं वाटतंय. रीळताई ट्रे घेऊन आली.

"वास मोरीचा नाही," बाई कप हातात धरून शांतपणे म्हणाल्या. "वास आत्ता स्वयंपाकघरात गेला होता, आणि चहा घेऊन परत आला."

धाकटी लाल झाली, आणि सर्दीने आधीच लाल होती त्यामुळे काही वेगळं दिसलं नाही. लिफ्टवाल्यांनी घसा खाकरला.

"आई, राहू दे. तो यांच्या गुडघ्यांच्या मलमाचा वास आहे."

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?" रीळताई म्हणाली.

मग ते सगळं बाहेर आलं. पहिल्या दिवशी लिफ्टमध्येच त्यांना तो वास आला होता. नासक्या लोण्यासारखा, थोडा ओल्या मोज्यांसारखा. त्यांना वाटलं, बिचाऱ्या दिवसभर उभ्याने काम करतात, गुडघे धरत असतील, कसलं तरी जालीम मलम लावत असतील. विचारणं बरं दिसत नाही. म्हणून स्टूल. म्हणून जिना नको. आता, ते कानापर्यंत लाल होऊन म्हणाले, त्यांना त्या वासाची सवय झाली होती. सवय नाही म्हणता येणार. जिन्यात तो वास आला की ते थांबून वाट पाहायचे.

दुसरी कुणी बाई त्या जागी असती तर जमिनीत गेली असती. रीळताईही निघाली होती जमिनीत जायला. पण अर्ध्यात थांबली. तिने हातातला ट्रे टेबलावर ठेवला, तो टेबलाच्या कडेवर, आणि साखरेचं भांडं खाली गेलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

"फक्त माझ्या अंगाला येतो का, की आणखी कुठे येतो?"

लिफ्टवाले म्हणाले, तुमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की येतोच. त्यांना वाटलं, तिथे सगळेच उभ्याने काम करतात, सगळ्यांचेच गुडघे दुखत असतील.

रीळताई खुर्चीवर बसली आणि लगेच उठली. नासकं लोणी. तिचं औषध ज्या आम्लातून तयार व्हायचं, त्या ब्युटिरिक आम्लाचा हाच वास. सुरुवातीला तिला त्याने मळमळायचं, जेवण जायचं नाही. मग हळूहळू वास येईनासा झाला. तिला वाटलं होतं, वास गेला. वास कुठे जातो? नाक गेलं होतं. तिचं, तात्याचं, मॅडमचं, सगळ्या मजल्याचं. तिच्या अंगावर, केसांत, लिफ्टच्या दारापर्यंत तो पसरला असेल, तर ज्या बंद पेटीत पेशी वाढतात, जिथे खिडकी नाही, वारा नाही, तिथे काय परिस्थिती असेल? कोऱ्या पेशींना औषधाचा थेंब दिला नव्हता, हे खरं. पण त्या कदाचित औषध हुंगत बसल्या होत्या.

हा विचार तिला इतका आवडला की ती हसायला लागली. धाकटीला वाटलं बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला. तिने तिच्या दंडाला धरलं. रीळताई दंड सोडवून लिफ्टवाल्यांच्या आईसमोर उभी राहिली आणि हात जोडण्याच्या बेतात आली.

"काकू, तुमचं नाक मला आज उसनं द्याल का? आमच्या मजल्यावर एकही चालू नाक उरलेलं नाही."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. घरात आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"मला बघायला बोलावलं होतं की हुंगायला?" असं म्हणाल्या खऱ्या, पण चपला घालायला त्याच सर्वांत आधी उठल्या.

प्रयोगशाळेत शिरताना दृश्य मोठं बघण्यासारखं होतं. पुढे रुमाल नाकाला लावून ठेंगण्या बाई, मागे केस विस्कटलेली रीळताई, तिच्या मागे लिफ्टवाले, आणि शेवटी, मी नाही येणार असं म्हणून आलेली धाकटी. तात्याला वाटलं सरकारी तपासणी आली. त्याने घाईने टेबलावरचा डबा लपवला.

बाई चालल्या. मोठ्या फ्रिजपाशी थांबल्या, पुढे गेल्या. बेसिनपाशी थांबल्या, नाक मुरडलं, पुढे गेल्या. कोपऱ्यातल्या खुंट्यांवरच्या कोटांपाशी त्यांनी रीळताईचा कोट हाताने न शिवता ओळखला. सगळी माणसं त्यांच्यामागून पाऊल न वाजवता सरकत होती. शेवटी त्या इन्क्युबेटरसमोर आल्या. पेशींची ही उबदार पेटी, बाहेर स्टीलचं दार, आत काचेचं. तात्याने स्टीलचं दार उघडलं, मग काचेचं, आणि बाई दोन पावलं मागे जाऊन लिफ्टवाल्यांच्या पायावर उभ्या राहिल्या.

"राहतो तो इथेच. बाकी ठिकाणी नुसता फिरायला जातो."

पेटीच्या तळाशी पाण्याचा पसरट ट्रे असतो, आतली हवा दमट राहावी म्हणून. तात्याने त्या पाण्यात रंग बदलणारी कागदाची पट्टी बुडवली. आंबट. जितकं असायला हवं त्याहून कितीतरी आंबट. आणि ट्रेच्या वरच्याच फळीवर, अगदी मागे, एक बाटली उभी होती, झाकण सैल ठेवलेली. बाटली कुणाची हे विचारायची गरज नव्हती. वर रीळताईच्या गोल अक्षरात तिचं नाव होतं.

तिची पद्धतच होती ती. थंडगार औषध एकदम पेशींवर ओतायचं तिच्या जिवावर यायचं. निजलेल्या लेकराच्या अंगावर कुणी गार पाणी टाकतं का? म्हणून औषधाची बाटली ती आदल्या दिवशीच पेटीत उबेला ठेवायची. आत हवा कोंडू नये म्हणून झाकण सैल. आणि औषध तयार करतानाही तिचा हात असाच मऊ. आम्लात सोडा घालून त्याचा आंबटपणा पुरता मारायचा असतो, पण सोडा जास्त झाला तर पेशींना झोंबेल या भीतीने ती थोडं अलीकडेच थांबायची. उरलेलं आम्ल उबेने हवेत जायचं, हवेतून ट्रेमध्ये, ट्रेमधून पुन्हा हवेत, आणि तिथून कोऱ्या पेशींच्या खाण्यात. त्या कोऱ्या राहिल्याच नव्हत्या. तिनेच मायेने बिघडवल्या होत्या.

गलका ऐकून मॅडम बाहेर आल्या. रीळताईने एका दमात सगळं सांगितलं, मलमापासून ट्रेपर्यंत, आणि सांगताना मध्येच तिला पुन्हा हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पेटीत डोकं घालून जोरात श्वास घेतला, आणि काहीच वास आला नाही म्हणून त्या पहिल्यांदा विचारात पडलेल्या दिसल्या.

"हा अंदाज झाला," त्या म्हणाल्या. "चांगला अंदाज आहे. बैठकीला पुरावा आणा."

पुरावा आणायचा म्हणजे असा: नव्या, कुठल्याच वासात न वाढलेल्या पेशी आणायच्या आणि त्यांचे दोन भाग करायचे. एक भाग या वास मारणाऱ्या पेटीत, दुसरा खालच्या मजल्यावर डासांवर काम करणाऱ्यांच्या पेटीत. दोन्हीकडे काही पेशींना औषध द्यायचं, काहींना कोरं ठेवायचं. शिवाय रंग दिसायच्या आधीपासून अधूनमधून थोड्या पेशी काढून घ्यायच्या, त्यांच्या रिळांवर खुणा आल्या का ते पाहायला आणि नकला निघाल्या का तेही मोजायला. वरच्या कोऱ्या गुलाबी आणि खालच्या कोऱ्या पांढऱ्या निघाल्या तर रीळताई जिंकली. दोन्ही गुलाबी निघाल्या तर पेशी गोठवायच्या आणि तात्याला हातभार.

डासवाल्यांनी पेटी द्यायचं कबूल केलं, पण एक अट घातली. त्यांच्या खोलीत रीळताईने पाऊल ठेवायचं नाही. अट रीळताईला पूर्ण मान्य होती. तिला स्वतःचीच भीती वाटत होती. केसांत, नखांत, पर्सच्या अस्तरात काय काय बसलं असेल कुणास ठाऊक. खालचं सगळं काम तात्याने करायचं ठरलं. पण तात्या तरी स्वच्छ आहे हे ठरवणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या धुतलेले कपडे घालून डासवाल्यांच्या दाराशी आला, तर तिथे लिफ्टवाल्यांच्या आई स्टुलावर बसलेल्या होत्या. कुणी बोलावलेलं नव्हतं. घरी करमत नव्हतं म्हणे. त्यांनी तात्याला समोर उभं केलं, कॉलर हुंगली, बाही हुंगली, आणि परत पाठवलं. तात्या घरी जाऊन पुन्हा अंघोळ करून आला. या वेळी त्यांनी त्याला आत जाऊ दिलं आणि वर म्हणाल्या की अंगाला लावलेला साबण स्वस्तातला आहे, पण चालेल.

मग हा रोजचाच कार्यक्रम झाला. डासवाले आधी कुरकुरले, मग त्यांनी बाईंसाठी गादीची खुर्ची आणली. धाकटी बरी झाली आणि नाक परत आल्याबरोबर तिने बहिणीच्या घरातले पडदे, उश्या, चादरी सगळं धुवायला काढलं, आणि फोनवर अर्धा तास बोलून विचारलं की इतकी वर्षं तू माझ्या घरी जेवायला यायचीस तेव्हा मी कशी जेवले. लिफ्टवाल्यांनी रीळताईच्या गुडघ्यांची क्षमा मागितली. आता ते तिला जिन्याने न्यायचे. वर जाताना दोघंही पायऱ्या दोन दोन करून चढायचे, आणि चौथ्या मजल्यावर धापा टाकत, काही कारण नसताना, हसत उभे राहायचे. त्या हसण्यातही रीळताईचं एक मन खाली डासवाल्यांच्या पेटीत असायचं. तिने तात्याला इतक्या वेळा विचारलं, कशा आहेत, की तात्या शेवटी म्हणाला, ताई, पांढऱ्या आहेत की गुलाबी हे एवढ्यात पेशींनाही माहीत नाही.

बैठकीच्या सकाळी सगळी प्रयोगशाळा सेंट्रिफ्यूजभोवती जमली. डासवालेही वर आले होते, बाईंना आणि त्यांच्या गादीच्या खुर्चीला बरोबर घेऊन. मॅडम हाताची घडी घालून मागे उभ्या होत्या.

वरच्या पेटीतल्या पेशी आधी फिरवल्या. औषध दिलेल्या गुलाबी. कोऱ्या, गुलाबी. इथवर कुणाला काही वेगळं अपेक्षित नव्हतं. मग तात्याने खालच्या पेटीतल्या नळ्या ठेवल्या, झाकण लावलं, आणि यंत्र फिरू लागलं. रीळताईला वाटलं ते जन्मभर फिरणार. तिने हात कोटाच्या खिशात घातले, बाहेर काढले, परत घातले. हा प्रश्न माझा आहे, एवढंच ती मनात म्हणत होती. माझा आहे, तो दुसऱ्या कुणाला देऊ नका.

यंत्र थांबलं. तात्याने औषधाची नळी काढली. गुलाबी. मग कोऱ्यांची काढली आणि उजेडात धरली, आणि बराच वेळ खाली आणलीच नाही.

पांढरी. साईसारखी, कागदासारखी, एकही लाजरा डाग नसलेली पांढरी.

पहिल्यांदा ओरडला तो तात्या. रीळताईने त्याला मिठी मारली, मग डासवाल्यांच्या प्रमुखाला मिठी मारली, ज्याच्याशी ती आजवर एक शब्द बोललेली नव्हती, आणि मग मॅडमना मारणार होती, तेवढ्यात मॅडमनी तिच्या हातात फिल्म ठेवली. रिळांवरच्या खुणा जिथे, तिथे त्या फिल्मवर काळी पट्टी उमटते. कोऱ्यांच्या रकान्यात नाही म्हणायला एक फिकट रेघ. औषधाच्या रकान्यात ठसठशीत काळी पट्टी, आणि तीसुद्धा अगदी सुरुवातीच्या नमुन्यात, पेशींना अजून रंगाचं नखही लागलेलं नव्हतं तेव्हाच्या. त्याच नमुन्यात नकला मोजल्या तर नाममात्र. त्या पुढच्या नमुन्यात वाढलेल्या, आणि रंग त्याच्याही मागून आलेला. खूण आधी, नक्कल नंतर, रंग त्यानंतर.

"निदान या पेशींत," मॅडम म्हणाल्या. "निदान या औषधापुढे. खुणेमुळेच नक्कल निघाली, की खूण नुसती आधी येऊन बसली, हे अजून सांगता येत नाही."

"नाही येत," रीळताई आनंदाने म्हणाली.

"मग बंद कशाला करायचं? ते शोधा." आणि त्या हसल्या. मॅडमचे दात रीळताईने त्या दिवशी प्रथम पाहिले.

त्यानंतर शिस्त अशी काही राहिली नाही. पांढरी नळी या हातातून त्या हातात फिरली. प्रत्येकाने ती खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि पुढच्याला अशी दिली, की जणू नवं बाळ आहे, मान सांभाळा. ती शेवटी गादीच्या खुर्चीपर्यंत पोहोचली. लिफ्टवाल्यांच्या आईने नळी हातात धरली, आत पाहिलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि सवयीने झाकणापाशी हुंगलीही.

"यात काय झालंय म्हणायचं?"

"काही नाही, काकू," रीळताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "काहीसुद्धा झालेलं नाही."

बाईंनी भोवती पाहिलं. तात्या टेबलावर ताल धरत होता. डासवाल्यांनी पिशवीतून आणलेली बिस्किटं वाटायला सुरुवात केली होती. मॅडम कुणाला तरी फोनवर पांढऱ्याचं वर्णन करून सांगत होत्या. बाईंना जे समजायचं ते समजलं. त्यांनी नळी जपून रीळताईच्या हातात दिली, पर्समधून आपला फोन काढला, आणि त्या गोंधळात ऐकू जावं म्हणून आवाज चढवून मुलाला म्हणाल्या, "अरे, असशील तिथून निघ. इथे काहीही झालेलं नाही. धावत ये."